दोन मोटारींच्या जागेत एक कट्टा आणि दहा सायकली : सोलापूरच्या पेठेत हे कसं करायचं

दिवाळीच्या आधी आईला घेऊन नवी पेठेत गेलो होतो. तिचे गुडघे दुखतात. तिसऱ्या दुकानानंतर ती म्हणाली, "तू जाऊन ये, मी इथंच टेकते." टेकायला होती ती एका बंद शटरची पायरी, आणि कुणी बसू नये म्हणून तिच्या कडेला लोखंडी अँगल उभा जोडलेला. आई अँगलच्या अलीकडं उरलेल्या चार बोटं जागेवर पिशव्या मांडीवर घेऊन बसली. तिच्या पायांपासून हातभर अंतरावर एक पांढरी मोटार उभी होती. आम्ही आलो तेव्हा होती, दोन तासांनी निघालो तेव्हाही होती. काचेवर धूळ, वायपरखाली क्लासच्या दोन जाहिराती.

त्या दिवसापासून बाजारातल्या रस्त्याची कड कोण वापरतं हे मी बघत आलोय. नंतर आम्ही काही जणांनी मिळून पूर्व भागातल्या एका रस्त्यावर छोटी चाचणीही केली. त्यातून जे कळलं ते इथं क्रमानं लिहितोय. आपल्या पेठेत कुणाला हे करायचं असेल तर उपयोगी पडावं. बाजारातलं सगळं पार्किंग उठवा असं माझं म्हणणं नाही. दिवसभर एकाच माणसाच्या गाडीनं अडवलेली जागा शोधायची आणि ती शंभर जणांना द्यायची, एवढंच करायचंय.

एका मोटारीला किती जागा लागते

टेप घेऊन मोजा. रस्त्याला समांतर लावलेल्या मोटारीला साधारण 5 मीटर लांब आणि 2 ते 2.5 मीटर रुंद जागा लागते. तेवढ्यात दहा सायकली आरामात उभ्या राहतात, किंवा आठ-नऊ माणसं पाठ टेकून बसतात. दोन मोटारींच्या 10 मीटरमध्ये कट्टाही होतो आणि सायकल स्टँडही. पहिल्या प्रयोगाला याहून जास्त जागा मागू नका.

आपल्या बाजारात मोटारींपेक्षा टू-व्हीलर जास्त, हे खरं. एका मोटारीच्या जागेत चार-पाच टू-व्हीलर लागतात आणि त्या भराभर बदलत असतात. म्हणून टू-व्हीलरच्या जागेला शक्यतो हात लावायचा नाही. आपल्याला हवी ती मोटारीची जागा, आणि तीही दिवसभर न हलणारी.

आधी एक दिवस नुसतं मोजायचं

हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं यावर उभं राहतं. बाजाराच्या सुट्टीचा वार सोडून एक साधा दिवस आणि एक गर्दीचा दिवस निवडा. सणाचा आठवडा नको. 50 मीटरचा तुकडा ठरवा. वहीत प्रत्येक जागेसाठी एक ओळ आखा. सकाळी 10 ते रात्री 8 दर अर्ध्या तासानं एक फेरी मारायची आणि त्या जागेवरच्या गाडीचे शेवटचे चार आकडे त्या वेळेच्या रकान्यात लिहायचे. गाडी नसेल तर रेघ. दोघं जण असाल तर आळीपाळीनं जमतं.

रात्री वही उघडून बसलात की चित्र स्पष्ट होतं. एकच नंबर सलग बारा रकान्यांत आला, म्हणजे ती गाडी निदान साडेपाच तास जागची हललेली नाही. समजा एक मोटार सकाळी 10 ते रात्री 8 एकाच जागी उभी राहिली. त्याच जागेवर अर्ध्या-अर्ध्या तासाला गिऱ्हाईक आलं असतं तर वीस गाड्या येऊन गेल्या असत्या. आमच्या वहीत दिवसभर ठाण मांडून बसलेल्या गाड्यांपैकी बहुतेक त्याच रांगेतल्या दुकानदारांच्या आणि नोकरांच्या निघाल्या. हे तुमच्याकडंही निघेल असं धरून चालू नका. मोजा. आणि ती वही कुणाला नावानिशी दाखवू नका. गाडीचे नंबर खोडून फक्त तास दाखवा, नाहीतर पहिल्याच बैठकीत भांडण होईल.

त्याच फेरीत आणखी दोन गोष्टी टिपा. पायरीवर, गाडीच्या सीटवर, विजेच्या डीपीच्या ओट्यावर टेकलेली माणसं किती? आणि खांबाला, झाडाला, शटरच्या कडीला बांधलेल्या सायकली किती? सोलापुरात सायकल अजून कामाची गाडी आहे. यंत्रमागावर जाणारा कामगार, पेपर टाकणारा पोरगा, दूधवाला, कॅरिअरला टॉवेलचा गठ्ठा बांधून कन्ना चौकाकडून येणारा माणूस, यांच्या सायकलीला बाजारात हक्काची जागा नसते. जिथं लावील तिथून तिला कुणीतरी उचलून बाजूला करतं.

जागा निवडताना

चौकाच्या तोंडाशी जागा घेऊ नका. वळणाऱ्या गाडीला पलीकडचं दिसलं पाहिजे, म्हणून कोपऱ्यापासून निदान 10 मीटर सोडा. डीपीसमोर, गटाराच्या चेंबरवर, नळाच्या व्हॉल्व्हवर, दवाखान्याच्या दारात नको. कट्टा केल्यावर उरलेल्या रस्त्यातून अग्निशामकाचा बंब गेला पाहिजे, म्हणजे मधली मोकळी रुंदी निदान 4 मीटर. ती उरत नसेल तर तो रस्ता सोडून द्या. जुन्या पेठांतल्या कित्येक गल्ल्या यातच बाद होतील. तिथं हट्ट करण्यात अर्थ नाही.

मग सावली बघा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा 43 अंशांपर्यंत जातो, आणि उन्हातल्या कट्ट्यावर माणूस तर सोडाच, कुत्रंही बसत नाही. रस्ता उत्तर-दक्षिण असेल तर पश्चिमेच्या कडेला दुपारनंतर इमारतींची सावली पडते, ती बाजू घ्या. रस्ता पूर्व-पश्चिम असेल तर दक्षिणेची कड हिवाळ्यात थंड राहते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र सोलापुरात सूर्य अगदी डोक्यावर येतो, भर दुपारी खांबाचीही सावली पडत नाही. तेव्हा वरून झाकण लागतंच. आधीच एखादा कडुनिंब उभा असेल तर बाकीच्या दोन उणिवा पोटात घालून तीच जागा निवडा.

दुकानदारांशी बोलणं

अर्ज करण्याआधी हे करा. समोरच्या चार आणि दोन्ही बाजूंच्या दोन-दोन दुकानांत जा. सकाळी बोहनी व्हायच्या आत जाऊ नका, संध्याकाळच्या गर्दीत जाऊ नका. दुपारी तीनच्या सुमारास जा. तेलुगू किंवा कन्नड बोलणारं माणूस सोबत घ्या. मराठी सगळ्यांना येतं, पण आपल्या भाषेत तक्रार मोकळी निघते, आणि आपल्याला तीच ऐकायचीय.

पहिला प्रश्न ठरलेला : "गिऱ्हाईक गाडी कुठं लावणार?" इथं वही उघडा. ही जागा आजही गिऱ्हाइकाला मिळत नाही हे आकड्यांत दाखवा. मग विचारा, "मालक, तुमची स्वतःची गाडी कुठं असते?" हे टोचून विचारायचं नाही. त्यांच्या गाडीची सोय पाच मिनिटांच्या अंतरावर दुसरीकडं लावून देता आली तर अर्धं काम तिथंच होतं. ही सोय लावण्यात आमचे तीन आठवडे गेले आणि ते सार्थकी लागले.

दुसरा प्रश्न रात्रीचा : "इथं दारुडे बसतील, टवाळ पोरं जमतील." ही भीती खरी आहे, उडवून लावू नका. उजेड, आरपार दिसणारी पाठ, आणि रात्री कट्टा कोण बघणार याचं नाव, या तीन गोष्टी सांगा. तिसरी तक्रार बहुधा कुणी तोंडावर बोलत नाही, पण मनात असते : वरच्या छपरानं दुकानाचा बोर्ड झाकला जाईल. म्हणून रस्त्यापलीकडं उभं राहून बोर्डाचा फोटो काढा, त्यावर पेननं छपराची रेघ मारा आणि त्यांना दाखवा.

तिथं आधीपासून हातगाडी लावणाऱ्याला विसरू नका. त्याला 2014 च्या पथविक्रेता कायद्याचं संरक्षण आहे, आणि आपल्या कामामुळं त्याचा धंदा उठणार असेल तर जागा बदला. खरं सांगायचं तर चहाची गाडी शेजारी असली की कट्ट्याला राखणदार आपोआप मिळतो.

अर्ज

रस्ता महानगरपालिकेचा आणि त्यावरची रहदारी पोलिसांच्या हातात, त्यामुळं एकाच ठिकाणी परवानगी मागून भागत नाही. गाड्या कुठं थांबतील हे स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवण्याची तरतूद मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 117 मध्ये आहे. तेव्हा अर्ज आयुक्तांच्या नावे इंद्रभुवनात, म्हणजे महानगरपालिकेच्या मुख्य इमारतीत द्या आणि त्याच्या प्रती नगर अभियंता, आपलं विभागीय कार्यालय आणि शहर पोलिसांची वाहतूक शाखा यांना. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांकाचा शिक्का असलेली पोच घ्या. अग्निशामक दलाकडूनही लेखी मत मागून ठेवा. बंबाची हरकत शेवटच्या दिवशी निघाली की सगळं थांबतं.

अर्जात "पार्किंग बंद करा" असं लिहू नका. "10 मीटर लांब, 2 मीटर रुंद जागेचा 15 दिवसांसाठी तात्पुरता वापरबदल, लोकांना बसण्यासाठी व सायकली लावण्यासाठी" असं लिहा. सोबत चार कागद जोडा : हातानं काढलेला मापांचा नकाशा, मोजणीचा तक्ता, शेजारच्या दुकानदारांच्या सह्या, आणि जागेचा सकाळचा व संध्याकाळचा फोटो. केंद्र सरकारच्या 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात पार्किंगची जागा देताना सार्वजनिक वाहनांना आणि सायकलीसारख्या बिनइंजिनाच्या साधनांना प्राधान्य द्यावं असं म्हटलंय. ते वाक्य अर्जात घाला. खालच्या टेबलावरच्या माणसाला फाइल वर पाठवायला असा आधार लागतो.

"असं कुठं असतं का?" हेही विचारलं जाईल. 2005 साली सॅन फ्रान्सिस्कोत काही डिझायनर मंडळींनी पार्किंग मीटरमध्ये नाणी टाकून एक जागा दोन तास भाड्यानं घेतली आणि तिथं गाडीऐवजी हिरवळ, बाक आणि झाडाची कुंडी ठेवली. पुढं त्याच शहरात पार्किंगच्या जागेत कट्टे बांधायची रीतसर योजना निघाली. पण साहेबांना जवळचं उदाहरण पटतं. पुण्याचा जंगली महाराज रस्ता बघून या म्हणावं : रुंद फूटपाथ, बसायला बाक आणि मध्ये झाडं.

पंधरा दिवसांची चाचणी

पहिल्यांदा सिमेंट आणू नका. फक्कीनं चौकट आखा. रहदारीच्या बाजूला वाळू भरलेले ड्रम ठेवा, त्यांना चमकणारी पट्टी चिकटवा, आणि कडेपासून अर्धा मीटर आत सरकून बसायची व्यवस्था करा, म्हणजे जाणाऱ्या रिक्षाचा आरसा कुणाच्या खांद्याला लागणार नाही. बाक मंडळाकडून किंवा शाळेतून उसने मिळतात. वर बांबूवर शेडनेट. सायकलींसाठी फॅब्रिकेटरकडून दोन-तीन सुटे स्टँड भाड्यानं किंवा उसने घ्या.

महिना निवडताना दोन गोष्टी सांभाळा. दिवाळीच्या खरेदीत नको, आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत नको. फेब्रुवारीअखेर ते मार्च हा काळ मला योग्य वाटतो. ऊन चढायला लागलेलं असतं, सावलीची खरी परीक्षा होते.

आमच्या चाचणीत पहिले तीन दिवस कट्टा रिकामाच राहिला. लोक बघायचे आणि पुढं जायचे. ही जागा आपली आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत "बसा, सगळ्यांसाठी आहे" असं मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत लिहून लावलं. त्या दुपारी विडी कारखान्यातून परतणाऱ्या दोन बायका बसल्या. एकीनं चप्पल काढून टाचा दाबल्या, दुसरीनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली. दहा मिनिटं बसून त्या उठल्या, तोवर तिसरी येऊन उभी होती.

कट्टा बांधताना

चाचणी जमली तर पक्कं काम. पण पक्कं म्हणजे खोदून गाडलेलं नव्हे. आपलं शहर मिरवणुकांचं आहे : सिद्धेश्वर यात्रेतले उंच नंदीध्वज, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव, गणपती, जयंत्या. बाळीवेस, विजापूर वेस, पंच कट्टा हा नंदीध्वजांच्या वाटेचा भाग, तिथं वर काहीही आडवं चालणार नाही. मिरवणुकीच्या वाटेवर छप्पर बांधूच नका. बाकी ठिकाणी सगळं काम 2.5 मीटरच्या तुकड्यांत करा, बेस प्लेट आणि बोल्टवर बसवा, म्हणजे चार माणसांनी अर्ध्या तासात उचलून बाजूला ठेवलं पाहिजे. ज्या गावात यात्रेतल्या सिद्धेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता संमती कट्ट्यापाशी पडतात, तिथं कट्टा म्हणजे काय हे लोकांना समजवावं लागत नाही. फक्त तो वाटेत आडवा येता कामा नये.

बैठकीची उंची 45 सेंटिमीटर ठेवा, खोली तेवढीच. खाली बसकं केलं तर म्हातारी माणसं उठताना हात शोधतात, म्हणून निदान निम्म्या जागेला पाठ आणि हात हवेतच. एका टोकाला चाकाच्या खुर्चीसाठी 90 बाय 120 सेंटिमीटर मोकळी जागा सोडा आणि कट्ट्याची जमीन फूटपाथच्या पातळीला आणा. मध्ये बोटभरही पायरी नको. दिव्यांग हक्क कायदा 2016 सालचा आहे, पण अंमलबजावणी आपल्या टेपनंच होते.

शहाबादी फरशी आपल्याकडं स्वस्त आणि टिकाऊ, त्यामुळं सगळे तीच सुचवतात. सावली पूर्ण असेल तर जरूर घाला. ऊन लागत असेल तर दुपारी तिच्यावर हात टेकवत नाही. स्टीलचे बाक त्याहून वाईट. आम्ही लाकडी पट्ट्या वापरल्या, पट्ट्यांमध्ये करंगळीएवढी फट ठेवली. पाणी थांबत नाही आणि लाकूड लवकर गार होतं. छपराला पत्रा टाळा, खालचा माणूस भाजतो. दुहेरी शेडनेट 2.5 मीटर उंचीवर ताणून बांधली तर वारा खेळतो, पण पावसाळ्याआधी ती उतरवायची आठवण ठेवा.

आपल्याकडं पाऊस कमी, पण सप्टेंबरात पडतो तो धो धो. कट्ट्याखालून रस्त्याच्या कडेचं पाणी गटारापर्यंत वाहिलं पाहिजे. त्यासाठी कडेला निदान 15 सेंटिमीटरची मोकळी नाली सोडा आणि तिच्यावरची एक पट्टी उचलता येईल अशी ठेवा. झाडूवाल्या ताईंना आत हात घालता आला नाही तर महिनाभरात गुटख्याच्या पुड्या आणि प्लास्टिकनं नाली तुंबेल आणि दोष कट्ट्यावर येईल.

कुंड्यांचा मोह आवरा. जिथं नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथं वीस कुंड्या कोण भरणार? त्यापेक्षा सव्वा मीटर बाय सव्वा मीटरचा खड्डा सोडून एक करंज किंवा कडुनिंब लावा आणि दोन वर्षं जगवा.

सायकलींची बाजू

चाकाच्या खाचेत पुढचं चाक अडकवायचे स्टँड विकत घेऊ नका. सायकल कलंडली की रिम वाकते, आणि नुसतं चाक बांधून बाकीची सायकल चोरीला जाते. उलट्या यू आकाराचा पाइप सगळ्यात चांगला. 40 ते 50 मिलिमीटर व्यासाची जी. आय. (जस्त चढवलेली लोखंडी) पाइप, उंची 75 ते 80 सेंटिमीटर, रुंदी तेवढीच. प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी एकेक सायकल टेकते आणि फ्रेमलाच साखळी घालता येते. दोन स्टँडमध्ये 90 सेंटिमीटर अंतर ठेवा. एका टोकाला सव्वा मीटर सोडा, गठ्ठेवाल्या सायकलींसाठी. सायकल पावणेदोन-दोन मीटर लांब असते, म्हणजे 2 मीटर रुंदीच्या पट्ट्यात ती आडवी मावते. एका मोटारीच्या लांबीत असे पाच स्टँड, दहा सायकली.

धोका एकच : आठवड्याभरात तिथं स्कूटर घुसतात. रहदारीच्या बाजूनं 15 सेंटिमीटरची कड उचला आणि सायकलींची ये-जा फूटपाथच्या बाजूनं ठेवा. पाटी लावून हे होत नाही, कडेनं होतं.

फॅब्रिकेटरला माप कागदावर लिहून द्या आणि आधी एकच स्टँड करून घ्या. त्याला जुनी काळी सायकल, मुलांची लहान सायकल आणि बास्केटवाली सायकल, तिन्ही लावून बघा. मग बाकीचे सांगा. वेल्डिंगचे सांधे हात फिरवून तपासा, धार राहिली की शर्ट फाटतात. रंगाआधी जी. आय. ला चालणाऱ्या प्रायमरचा हात चुकवू नका.

कोण सांभाळणार

हे उत्तर नसेल तर बांधूच नका. मी एका ठिकाणी चांगला बाक सहा महिन्यांत मोडकळीला आलेला पाहिलाय. पहिली पट्टी निघाली तेव्हा दोन स्क्रू लागणार होते. ते कुणाचं काम हेच ठरलेलं नव्हतं.

महानगरपालिका, व्यापारी आणि रहिवासी यांच्यात एक पानी लेखी समज करा. झाडणं कुणाचं, दिव्याचं बिल कुणाचं, मोडतोड झाली तर फोन कुणाला, छपराची जाळी वर्षातून एकदा कोण बदलणार. दुरुस्तीसाठी बांधकामाच्या खर्चाचा दहावा हिस्सा दरवर्षी बाजूला ठेवावा असं मी सुचवतो. त्या बदल्यात दुकानाला कट्ट्यावर हक्क मिळत नाही हेही त्याच पानावर लिहा : वस्तू विकत न घेणाऱ्यालाही बसू द्यायचं, माल मांडायचा नाही, रात्री साखळी लावायची नाही.

पुन्हा मोजणी

तीन महिन्यांनी तीच वही, तोच वार, त्याच फेऱ्या. या वेळी दर अर्ध्या तासाला बसलेली माणसं मोजा, बायका किती आणि साठीच्या पुढची किती हे वेगळं लिहा. सायकली किती, त्यात घुसलेल्या स्कूटर किती. समोरच्या दुकानदारांना धंद्यात काय फरक जाणवला ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, वाईट असेल तरी. बायका दिसतच नसतील तर उजेड, पाठीची दिशा आणि शेजारी कोण उभं राहतं ते तपासा. कधी कधी बाक भिंतीकडं तोंड करून आहे तो नुसता रस्त्याकडं फिरवला तरी फरक पडतो.

हा तक्ता पहिल्या अर्जाच्या पोचेसह पुन्हा इंद्रभुवनात द्या आणि मुदतवाढ मागा. आणि मे महिन्यात एकदा दुपारी दोन वाजता स्वतः जाऊन अर्धा तास तिथं बसा. बसवलं नाही, तर पाना घेऊन बोल्ट सोडा आणि कट्टा सावलीच्या बाजूला सरकवा.